पेपरात छापलेली खाडी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लॅब नारायण पेठेत आणि घर मांजरीला. सकाळी जायला दीड तास, संध्याकाळी यायला पावणेदोन, आणि मधले आठ तास मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या. बावीस वर्षं झाली. घरी येऊन कांदा चिरायला घेतला तरी डोळ्यांपुढे जांभळे गोल तरंगत असतात.

डोळे फारच दुखायला लागले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की रोज थोडा वेळ लांबचं काहीतरी बघत जा. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तेव्हा ऊस दिसायचा आणि उसापलीकडे नदीचं वळण. नदी म्हणजे काळं पाणी आणि वर साबणासारखा फेस. पण त्या पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे पक्षी उभे असायचे, इस्त्री करून ठेवल्यासारखे स्वच्छ. मी ते बघायला लागले. नवऱ्याने जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणून दिली. तिच्या एका काचेत बुरशी होती, म्हणून मी एकच डोळा वापरायचे. तशीही सवय होतीच.

लॅबचे मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "अहो बाई, आठवडाभर पेशी मोजता, रविवारी पक्षी मोजता. मोजण्यातून सुट्टी कधी?"

मी हसले. पुढची स्लाइड लावली.

आम्ही दोघं मूळचे वर्ध्याकडचे. हे कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला आले आणि लग्नानंतर मीही आले. समुद्र मी चौतिसाव्या वर्षी पाहिला. ह्यांच्या कारखान्याची कुटुंबांसकट सहल निघाली होती, ताम्हिणी घाट उतरून कोकणात. बसमधले सगळे पुळणीवर उतरले आणि पाण्यात शिरले. मला पाण्याची भीती, म्हणून मी दुर्बीण गळ्यात घालून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राहिले. सुरूची झाडं संपली तिथे एक नदी समुद्राला मिळत होती. पाणी ओसरलेलं होतं. समोर लांबच लांब राखाडी चिखल, आणि त्या चिखलावर इतके पक्षी, की मला आधी ते खडेच वाटले. मग खडे पळायला लागले.

मी आणखी जवळून बघायला म्हणून चिखलात उतरले. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत रुतला. चप्पल आत कुठेतरी राहिली. आरडाओरडा करावा तर ऐकायला कोणी नाही, असं वाटत असतानाच डावीकडून आवाज आला, "हलू नको गो! आहेस तशी बस!"

एक बाई येत होती. साडीचा काष्टा मारलेला, कमरेला टोपली, हातात लोखंडी पातं. चिखलातून ती अशी चालत होती, जशी मी लक्ष्मी रोडवरून चालते. तिने मला मागे चिखलावर रेलून बसायला लावलं, एकेका पायाभोवतीचा चिखल पात्याने खरवडून मोकळा केला आणि काखेत हात घालून मला मागे ओढलं. कडेला आणून बसवल्यावर म्हणाली, "कुठची तू?"

"पुण्याची."

"तरीच," ती म्हणाली.

ती तिसऱ्या काढणारी होती. ओहोटीच्या वेळी चिखल खरवडून शिंपल्या गोळा करायच्या आणि बाजारात विकायच्या. तेव्हा ती पन्नाशीची असेल. मी तिला काकी म्हणायला लागले. त्या दिवशी तिने मला तिच्या ओटीवर नेऊन पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, की एवढं काय बघायला आली होतीस? मी दुर्बीण तिच्यापुढे केली. तिने ती हातात घेऊन परत दिली. "पाखरं ना? ती मी रोज बघते. मला नको ही नळी."

पुढे आठ वर्षं आम्ही हिवाळ्यात जमेल तेव्हा जात राहिलो. ह्यांची पाळी बघायची, माझी सुट्टी बघायची, आणि रविवारी पहाटे चारला मांजरीहून निघायचं. आठवड्याचा सगळा शीण अंगात तसाच असायचा. घाटात गाडीची काच खाली करून मी तोंडावर वारा घ्यायचे, झोप यायला नको म्हणून. पोचलं की हे सुरूच्या बागेत गाडी लावून सीट मागे पाडून झोपायचे आणि मी काकीकडे जायचे.

त्या खाडीवर पक्षी कुठे आणि कधी बघायचे, ते सगळं मला काकीने शिकवलं. पुस्तकं मी नंतर घेतली. भरतीची वेळ कशी काढायची तेही तिचंच. तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर साडेसात, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. तेवढ्या वाजता पाणी भरणार. ओहोटीला चिखलावर जायचं, पण जेट्टीच्या पायऱ्यांवर बसून बघायचं. तिथून तुतवार, चिखल्ये असे चिखलातले बारके पक्षी हाताच्या अंतरावर दिसतात आणि पाय रुतत नाहीत. पाणी चढायला लागलं की ते सगळे खाडीकाठच्या खाजणातल्या पडीक भातशेतात जातात, बांधावर बसून राहायचं. तिवरांच्या मागे एक जुनी उघडी आहे, म्हणजे खारं पाणी अडवायचं फाटक. तिथे सकाळी खंड्या असतोच, आणि नशीब असेल तर दोन जातींचे. देवळाखालच्या कातळावरून समुद्रगरुड दिसतो. त्याचं घरटं कुठल्या झाडावर आहे हेही तिने दाखवलं, आणि वर म्हणाली, "झाडाखाली उभी राहू नको. तो मासे टाकतो."

पण सगळ्यात खास जागा म्हणजे नदीच्या तोंडावरचा रेतीचा दांडा. भर भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो, फक्त हा दांडा उरतो, एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढा. त्यावर कालवफोडे येऊन बसायचे. काळं अंग, पांढरं पोट, आणि गाजरासारखी लांब लालभडक चोच. काकी त्यांना 'लालचोचे' म्हणायची. हे पक्षी फार दुरून, थंड मुलखातून येतात. ओहोटीला खायचं आणि भरतीला दोन-तीन तास दांड्यावर सगळे एकाच दिशेला तोंड करून, चोच पाठीत खुपसून झोपायचं. मी कातळावर बसून त्यांना मोजायचे. पहिल्या वर्षी बेचाळीस भरले. इतके थकलेले जीव इतक्या शांतपणे झोपलेले मी कुठेच पाहिले नव्हते. मला स्वतःलाही तिथे बसल्या बसल्या डुलकी लागायची.

पक्षी बघणाऱ्यांचा एक गट पुण्यात आहे. त्यांच्या बैठकीला मी कधीमधी जायचे आणि मागच्या खुर्चीवर बसायचे. तिथल्या एकांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "अहो, हे तुम्ही लिहा. रविवारच्या पुरवणीला देऊ." मला कोणी काही लिहा म्हटल्याला शाळा सुटल्यापासून किती वर्षं झाली होती, कोण जाणे. लॅबमध्ये माझी सही बारीक अक्षरात रिपोर्टच्या तळाशी येते, ती कोणी वाचत नाही.

मी लिहिलं. तीन रविवार बसून लिहिलं. गावाचं नाव, घाट उतरल्यावर कुठे वळायचं, पाच ठिकाणं, प्रत्येकाची वेळ. दांड्याबद्दल लिहिलं, की पौर्णिमेच्या आसपास अकराच्या सुमाराला जा, कालवफोडे हमखास. एक नकाशा काढून दिला. फोटोही दिला: चिखलात वाकून तिसऱ्या काढणारी काकी, पाठमोरी. पुरवणीत तो छान मोठा आला. खाली ओळ होती, 'खाडीवर काम करणारी स्थानिक महिला'. लॅबमध्ये कोणीतरी पान कापून नोटीस बोर्डावर लावलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "वा. आता पक्षीच तुम्हाला मोजायला येतील." पंधरा दिवस मला बसमध्ये उभं राहायचासुद्धा त्रास झाला नाही.

काकीला मी सांगितलं नव्हतं. सांगू सांगू म्हणत राहिले. तिला वाचता येत नाही, मग घाई काय, असंही मनात आलं असणार. आता आठवून लिहिताना ते नाकारत नाही.

त्या पुढच्या हिवाळ्यात, पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही गेलो. सुरूच्या बागेत गाडी लावायला जागा नव्हती. अकरा गाड्या मी मोजल्या, सगळ्या आमच्याच पासिंगच्या. कातळावर तिपाई लावून माणसं उभी होती. भरती जवळजवळ भरलेली. दांड्यावर कालवफोडे बसलेले होते आणि गावातली एक होडी सहा जणांना घेऊन दांड्याकडे चालली होती.

होडी टेकली तसे पक्षी उडाले. एक चक्कर मारून दांड्याच्या दुसऱ्या टोकाला उतरले. माणसं तिकडे चालत गेली. पक्षी पुन्हा उडाले. मग होडीतल्या एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण त्याला उडतानाचाच फोटो हवा होता. कातळावरचे लोकही खूश, त्यांनाही तो मिळत होता. पक्षी उतरत, टाळ्या वाजत, पक्षी उठत. सगळा चिखल पाण्याखाली होता. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. तासभर ते चाललं. शेवटी शेवटी त्यांचं उडणं खाली खाली यायला लागलं, पंख पाण्याला लागतील इतकं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असावेत आणि बसमध्ये बसायला मिळू नये, तसं काहीसं. मग थवा समुद्राकडे गेला आणि परत आला नाही.

माझ्याशेजारच्या माणसाने कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि मला विचारलं, "तुम्ही पण पेपर वाचूनच आलात का?"

मी हो म्हटलं.

काकीकडे गेले तेव्हा ती ओटीवर बसून पाय चोळत होती. म्हणाली, की सकाळपासून माणसं तिसऱ्यांच्या जागेवरून चालतायत, सगळा चिखल घट्ट झालाय, पातं आत जात नाही. एक जण रुतला, त्यालाही तिनेच काढला. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "कोणीतरी पेपरात लिहिलंय म्हणे. तू तर नाय ना लिहिलंस गो?"

"नाही," मी म्हणाले.

ती उठून आत गेली. चहा करून दिला. मी प्यायले.

परतीच्या वाटेवर घाटात मी रडायला लागले. ह्यांनी गाडी कडेला घेतली. "कायले रडून राह्यली?" मी सगळं सांगितलं. ते स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसले आणि मग म्हणाले, "लिहिलं ते ठीक. खोटं कायले बोलली?" चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आम्ही दोन तास अडकलो.

त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. मायक्रोस्कोपखाली मोजताना आकडा चुकायचा, पुन्हा मोजायला लागायचं. गटाच्या बैठकीत जाऊन मी पहिल्यांदा उभी राहून बोलले, की भरतीच्या वेळी दांड्यावर जाऊ नका, पक्ष्यांची ती झोपायची वेळ असते. एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "म्हणजे जा, हे आपणच लिहिलंत आणि जाऊ नका, हेही आपणच सांगणार. आम्ही नेमकं कुठलं वाचायचं?" लोक हसले. मी म्हणाले, "दुसरं," आणि खाली बसले. पुरवणीलाही पत्र पाठवलं. ते आतल्या पानाच्या कोपऱ्यात, अर्धं कापून छापलं गेलं.

फेब्रुवारीत मी एका बुधवारी रजा टाकली. ह्यांनी पाळी बदलून घेतली. गेलो तर काकी अंगणात उकडलेल्या तिसऱ्या सोलत होती. मी बसलेसुद्धा नाही. "काकी, ते पेपरातलं मीच लिहिलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तिने हातातली शिंपली सोलून पूर्ण केली, गर भांड्यात टाकला. "मला म्हायती आहे," ती म्हणाली. उठून आत गेली आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेलं पान घेऊन आली. माझाच लेख. "सून कामाला जाते तिथनं घेऊन आली. तुला विचारलं तेव्हा हा कागद आतच होता."

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले.

"त्या माणसांचं जाऊ दे," काकी म्हणाली. "रस्ता मोठा झाला तेव्हाच मी बोलले होते, आता माणसं येणार. तू नसतं लिहिलंस तर आणखी कोणी. पण हे बघ." तिने फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नसूनही बोट अचूक पडलं. "सुनेनं वाचलं. स्थानिक महिला. मी विचारलं, ही कोण? ती बोलली, तुम्हीच की, आई. ह्यातलं सगळं मी सांगितलेलं. पाणी कधी भरतं, पाखरं कुठं बसतात. आणि माझं नाव स्थानिक महिला?"

"चुकलं, काकी."

"आठ वर्षं ह्या ओटीवर चहा प्यायलीस. माझं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. अंगणात हे उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

मग तिने नाव सांगितलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मी म्हणाले, की पुन्हा लिहिते आणि ह्या वेळी नाव छापते. ती घाईने म्हणाली, "आता नको हां! आता छापलंस तर ती माणसं माझ्या दारात येतील. तुला म्हायती असलं की झालं." म्हणून इथेही ते लिहिलेलं नाही. गावाचंही नाही.

माझ्या लेखाने जे झालं ते माझ्या पत्राने सुटणार नव्हतं. ते काकीनेच थोडंफार सोडवलं. होडीवाला तिचा चुलत पुतण्या होता. तिसऱ्या काढणाऱ्या सात-आठ बायका मिळून त्याच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, की भरतीच्या वेळी दांड्यावर होडी न्यायची नाही. बाकी वेळ काय ती फिरव. तो कुरकुरला. तेव्हा काकीने त्याला विचारलं, "तू दुपारचा निजतोस, तेव्हा मी येऊन टाळ्या वाजवू काय?" एवढं बोलून त्या निघून आल्या. त्याने होडी थांबवली. पूर्ण नाही, ओळखीचं कोणी आलं तर नेतो अजूनही. कातळावर माणसं येतातच, पण कातळ लांब आहे.

त्या पुढच्या हिवाळ्यात कालवफोडे सतरा आले. नंतरच्या वर्षी तेवीस. गेल्या वर्षी तब्येतीमुळे माझं जाणंच झालं नाही, तेव्हा किती होते ते मला ठाऊक नाही. कमी झाले ते आमच्यामुळेच, की जिथून येतात तिथेच काही बिघडलं, हे मी सांगू शकत नाही. मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं की वाईट, तेही कळत नाही.

ह्या जानेवारीत गेलो. काकीचे गुडघे गेलेत. आता चिखलात सून उतरते आणि काकी जेट्टीच्या पायरीवर बसून तिला ओरडून जागा सांगते. मी शेजारी जाऊन बसले. परतताना घाट चढायचा, उद्या पुन्हा सहाला उठायचं, हे सगळं डोक्यात होतं आणि अंग इतकं जड झालं होतं, की दुर्बीण पिशवीतून काढावीशीही वाटली नाही. समोर तुतवार चिखलात टोचत फिरत होते.

मग मी विचारलं, "अजून राग आहे का हो, काकी?"

तिने विचार केला. "आहे थोडा," ती म्हणाली. "जाईल." आणि सुनेकडे हात करून ओरडली, "अगो डावीकडं सरक, तिथं काय नाय!"

सून डावीकडे सरकली. गाडीपाशी उभे राहून हे हात हलवत होते, घाटात गर्दी व्हायच्या आत निघायला हवं होतं. मी उठले. काकीने उठवायला माझ्याकडे हात केला, आणि तिला उभं करताना दोघींच्याही गुडघ्यांनी आवाज केला.